युद्ध संपले, तरी डेब्स तुरुंगातच!

अमेरिका म्हणजे भाषणस्वातंत्र्याचे माहेरघर, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. त्या देशाच्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने हे स्वातंत्र्य १७९१ सालीच दिले, हे खरेच आहे. पण त्याच देशात केवळ एका भाषणासाठी ६२ वर्षांच्या कामगार नेत्याला १० वर्षांची कैद झाली. त्यांचे नाव युजीन डेब्स. युद्ध आले की नागरिकांच्या हक्कांचे काय होते, हे समजून घ्यायचे असेल तर चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे चरित्र वाचले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

डेब्स यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५५ रोजी इंडियाना राज्यातील टेरे होट या गावी झाला. आईवडील फ्रान्समधल्या अल्सास प्रांतातून आलेले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा रेल्वेच्या कारखान्यात कामाला लागला. पुढे इंजिनात कोळसा टाकण्याचे काम केले. कामगारांचे जिणे त्यांनी पुस्तकातून नव्हे, अंगावर सोसून ओळखले.

१८९३ साली त्यांनी अमेरिकन रेल्वे युनियन उभी केली. दुसऱ्याच वर्षी पुलमन कंपनीने मजुरी कापली, पण कामगार राहत होते त्या कंपनीच्या घरांचे भाडे मात्र कमी केले नाही. संप पेटला. सरकारने सैन्य पाठवले, न्यायालयाने मनाई हुकूम काढला आणि तो मोडला म्हणून डेब्स यांना सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. इथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. त्याच वर्षीच्या अधिवेशनात काळ्या कामगारांना युनियनमध्ये घ्यावे, असा आग्रह डेब्स यांनी धरला होता. गोऱ्या प्रतिनिधींनी तो बहुमताने हाणून पाडला. पुलमनच्या डब्यांत राबणारे हमाल-नोकर काळेच होते! कामगार-कामगारांत भिंत उभी राहिली की मालकाचे फावते, हे आम्हाला कोणी वेगळे सांगायला नको.

तुरुंगातून बाहेर आल्यावर डेब्स समाजवादी झाले. राष्ट्राध्यक्षपदासाठी ते पाच वेळा उभे राहिले. १९१२ साली त्यांना सुमारे ९ लाख मते पडली, म्हणजे एकूण मतांच्या सहा टक्के.

मग महायुद्ध आले. देशाला युद्धापासून दूर ठेवणारा नेता, अशा प्रचारावर विल्सन १९१६ च्या नोव्हेंबरात पुन्हा निवडून आले आणि पाचच महिन्यांनी, ६ एप्रिल १९१७ रोजी, अमेरिका युद्धात उतरली. जूनमध्ये हेरगिरीविरोधी कायदा झाला. नाव हेरगिरीचे, पण त्याच्या जाळ्यात सापडले ते बोलणारे आणि लिहिणारे. सैन्यभरतीत अडथळा आणल्यास २० वर्षांपर्यंत कैद! मे १९१८ मध्ये राजद्रोहाचा कायदा करून हा फास आणखी आवळला. सुमारे दोन हजार लोकांवर खटले भरले गेले. समाजवादी वृत्तपत्रे टपालाने पाठवण्यास बंदी आली. ज्याचा वाचक खेडोपाडी विखुरलेला, त्या पत्राचे टपाल तोडले की छापखान्याला कुलूप ठोकायची गरज उरत नाही. काळ्या कामगारांचे तरुण नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनाही ऑगस्ट १९१८ मध्ये क्लीव्हलँड येथे अटक झाली.

१६ जून १९१८ रोजी डेब्स ओहायो राज्यातील कँटन येथे गेले. आधी त्यांनी तिथल्या तुरुंगात तीन समाजवादी साथींची भेट घेतली आणि मग सभेत बोलायला उभे राहिले. युद्ध पुकारतात राज्यकर्ते आणि रक्त सांडते ते कष्टकऱ्यांचे, हा त्यांच्या भाषणाचा सारांश. सरकारचा माणूस शब्दन् शब्द टिपून घेत होता. दोन आठवड्यांत त्यांना अटक झाली. खटल्यात त्यांनी एकही साक्षीदार उभा केला नाही, की भाषण नाकारले नाही. शिक्षा झाली १० वर्षांची.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी तोफा थंडावल्या. मग डेब्स सुटले का? नाही! उलट १० मार्च १९१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शिक्षा कायम केली आणि एप्रिलमध्ये, युद्ध संपल्यावर पाच महिन्यांनी, म्हातारा डेब्स तुरुंगात गेला. १९२० ची निवडणूक त्यांनी कैदी क्रमांक ९६५३ म्हणून अटलांटाच्या तुरुंगातून लढवली आणि ९ लाखांहून अधिक मते घेतली. विल्सन यांनी अखेरपर्यंत माफी दिली नाही. पुढचे राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी १९२१ च्या नाताळात त्यांना सोडले, पण नागरिकत्व परत दिले नाही. २० ऑक्टोबर १९२६ रोजी डेब्स वारले. नागरिकत्व बहाल झाले ते १९७६ साली, मृत्यूनंतर ५० वर्षांनी. राजद्रोहाचा कायदा युद्धानंतर रद्द झाला. १९१७ चा कायदा मात्र आजही अमेरिकेच्या कायद्याच्या पुस्तकात आहे.

हे फक्त अमेरिकेतच घडले असे कोणी समजू नये. डेब्स यांचा निकाल लागला त्याच मार्च १९१९ मध्ये ब्रिटिशांनी आपल्या देशात रौलट कायदा केला. युद्धकाळापुरते घेतलेले अधिकार शांततेतही हातात ठेवायचे, हाच त्याचा हेतू होता. आणि स्वतंत्र भारतात? चीनशी युद्ध झाले म्हणून २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी जाहीर झाली. लढाई महिनाभरात थांबली, आणीबाणी उठली ती जानेवारी १९६८ मध्ये!

अमेरिकेतही मूलभूत हक्क अनिर्बंध नाहीत, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत तिथल्याच न्यायालयाचा दाखला देऊन सांगितले होते. त्याच भाषणात त्यांनी बजावले होते की संविधानिक नीती आपोआप येत नाही, ती जोपासावी लागते. निर्बंध कधी लागतील हे सरकार ठरवते. ते वेळेवर उठतात की नाही, यावर पहारा ठेवण्याचे काम मात्र जनतेचे आहे. डेब्स तुरुंगात असताना ९ लाख मतदारांनी तो पहारा केला. आपल्यावर तशी वेळ आली, तर आपण करणार आहोत का?