आगाशीचे गोन्सालो, वसई धर्मप्रांताचे आश्रयदाते संत

वटारहून उत्तरेकडे निघालो की थोड्याच वेळात आगाशी लागते. आज ह्या गावाची ओळख सुकेळ्यांवरून सांगितली जाते. परंतु सोळाव्या शतकात आगाशीचे नाव तिथे बांधल्या जाणाऱ्या गलबतांमुळे दूरवर पोहोचले होते. त्या जहाजांच्या मोहापायीच पोर्तुगीजांनी 1530च्या सुमारास हे बंदर जाळून लुटले. पुढे डिसेंबर 1534 मध्ये गुजरातच्या सुलतानाने तहान्वये वसईचा प्रदेश त्यांच्या स्वाधीन केला. त्यानंतर साधारण वीस-बावीस वर्षांनी, 1556-57च्या आसपास, ह्या भूमीत एका बालकाचा जन्म झाला. लिस्बनच्या दप्तरखान्यातील कागदपत्रे त्यास आगाशीचा म्हणून संबोधतात. तेच आपल्या धर्मप्रांताचे आश्रयदाते, संत गोन्सालो गार्सिया.

वडील पोर्तुगीज सैनिक आणि आई वसईचीच. ह्या दोन शब्दांच्या माहितीवर गोन्सालो ह्यांचे सारे आयुष्य तोलले गेले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर चारशे वर्षांनीही ते तोलणे थांबलेले नाही. म्हणूनच आज त्यांचे चरित्र वाचकांपुढे पुन्हा एकदा ठेवावे असे आम्हांस वाटले.

वसईच्या किल्ल्यातील येशूसंघीयांच्या मंदिराच्या सावलीत गोन्सालो वाढले. फादर सेबास्तियन गोन्साल्विस हे त्यांचे गुरू. लेखन-वाचन, धर्मशिक्षण, उपासनेत साहाय्य, हे सर्व त्यांनी तिथेच आत्मसात केले. ते मंदिर आज डागडुजी होऊन गोन्सालो ह्यांच्याच नावाने ओळखले जाते. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, 1572 मध्ये, ते येशूसंघीय मिशनऱ्यांबरोबर जपानला गेले. तिथे सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. जपानी भाषा त्यांनी अशी काही आपलीशी केली की लहानथोर सर्व त्यांच्या भोवती जमत.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती विनंती मान्य झाली नाही. त्या काळी देशी रक्ताच्या तरुणांना संघात घेण्यास वरिष्ठ नाखूश असत. 1561 मध्ये कोल्लमचे पेद्रो लुईस ह्यांना प्रवेश मिळाला, पण ते दार त्यांच्यामागे पुन्हा लावून घेतले गेले. आम्ही सेमिनरीत असताना हा भाग वर्गात ओझरताच शिकवला जाई. प्रत्यक्षात तो ओझरता नाही. ज्या मुलाने आपले घरदार, गाव आणि तारुण्याची आठ वर्षे मिशनला दिली, त्याला मिशनचे काम करण्याची मुभा होती, मात्र त्या कुटुंबाचा सदस्य होण्याची नव्हती. ह्याचे दुःख काय असेल ते आपण जाणू शकतो.

गोन्सालो कडवट झाले नाहीत, परंतु तिथे थांबलेही नाहीत. त्यांनी पूर्वेकडील बंदरांत व्यापार सुरू केला आणि त्यात त्यांचा चांगला जम बसला. ह्याच व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपाइन्समधील मनिला येथे पोहोचले. तिथे त्यांची गाठ फ्रान्सिस्कन संन्याशांशी पडली. ज्या गोष्टीसाठी एका संघाने नकार दिला होता ती दुसऱ्या संघाने दिली. व्यापार सोडून गोन्सालो फ्रान्सिस्कन बंधू झाले. धर्मगुरूपदाची दीक्षा त्यांना कधीच मिळाली नाही. अखेरपर्यंत ते ब्रदर गोन्सालोच राहिले.

इथे तत्कालीन धर्मप्रांतीय व्यवस्थेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. वसई तेव्हा गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली होती. जपानसाठी 1588 मध्ये फुनाई हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला आणि त्याचे बिशप येशूसंघीय असत. पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनी 1585 मध्ये जपानचे मिशनकार्य येशूसंघासाठी राखून ठेवले होते. मकाऊमार्गे येणारे येशूसंघीय पोर्तुगीज छत्राखाली, तर मनिलाहून येणारे फ्रान्सिस्कन स्पॅनिश छत्राखाली. 1580 पासून दोन्ही देशांचा राजा एकच होता, तरी चुरस कमी झाली नव्हती. अशा वातावरणात वसईचा एक बंधू स्पॅनिश संन्याशांच्या तुकडीत उभा होता.

1593 मध्ये मनिलाच्या गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांना आपले वकील म्हणून जपानचे सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्यांच्याकडे पाठविले. हिदेयोशी ह्यांनी 1587 मध्येच मिशनऱ्यांच्या हद्दपारीचा हुकूम काढला होता, पण त्याची कडक अंमलबजावणी झाली नव्हती. त्यांच्या दरबारात फादर पेद्रोंचा शब्द पोहोचविण्याचे काम गोन्सालो ह्यांनी केले. तुकडीत त्यांच्या तोडीचे जपानी दुसऱ्या कोणालाही येत नव्हते. आगाशीच्या आईचा हा मुलगा, पोर्तुगीज आणि स्पॅनिश जाणणारा, जपानच्या सत्ताधीशासमोर जपानीत बोलत होता! पुढे क्योटो येथे मठ उभा राहिला आणि त्याच्या जोडीला कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालये चालू झाली. रुग्णसेवेत भाषेचा उपयोग दरबारापेक्षाही अधिक झाला असेल, असे आम्हांस वाटते.

1596च्या ऑक्टोबर महिन्यात सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील माल जप्त झाला. आधी मिशनरी येतात आणि त्यांच्या मागोमाग सैन्य येते, असे जहाजावरील एका अधिकाऱ्याच्या तोंडून निघाल्याचे सांगितले जाते. त्यात तथ्य किती ह्यावर दोन्ही संघांच्या इतिहासकारांनी पुढे शतकानुशतके एकमेकांना दोष दिला. हिदेयोशींचा राग मात्र खरा होता. डिसेंबरात फ्रान्सिस्कन मठांना पहारा बसला.

जानेवारी 1597 मध्ये क्योटो येथे बंदिवानांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली आणि त्यांची गाड्यांतून धिंड निघाली. मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंतचा शेकडो किलोमीटरचा प्रवास. निघताना ते चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोघांनाही पकडून त्यांच्यात सामील केले गेले. अशा सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा सर्वसामान्य श्रद्धावंत होते. सर्वांत धाकटा लुईस केवळ बारा वर्षांचा होता. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. परंपरा सांगते की सर्वांत प्रथम गोन्सालो ह्यांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांचे वय तेव्हा चाळीसच्या आसपास होते. फुनाईचे बिशप पेद्रो मार्टिन्स त्या दिवशी नागासाकीतच होते. फ्रान्सिस्कनांच्या जपानमधील कार्यास त्यांचा विरोध होता; त्या टेकडीवर मात्र दोन्ही संघांचे रक्त एकत्र सांडले.

पोप आठवे अर्बन ह्यांनी 1627 मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले आणि पोप नववे पायस ह्यांनी 8 जून 1862 रोजी सव्वीसही जणांना संतपद बहाल केले. दरम्यान 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली होती. पोर्तुगीज संन्यासी गेले, मठ ओस पडले. त्या कठीण काळात आपल्या गावांतील श्रद्धा ज्यांनी जोपासली त्यांत देशी धर्मगुरूंचा वाटा मोठा होता. ज्यांना संघांची दारे बंद होती, त्यांच्याच खांद्यावर हे ओझे आले. वसई 1886 मध्ये दमण धर्मप्रांतात गेली, 1928 नंतर मुंबई आर्चडायोसिसमध्ये आली. मुंबईला पहिले भारतीय आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस ह्यांच्या रूपाने 1950 मध्ये मिळाले.

पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी 22 मे 1998 रोजी वसई धर्मप्रांताची स्थापना केली. पहिले बिशप थॉमस डाबरे भुईगावचे, आणि 2009 मध्ये त्यांच्यानंतर आलेले आर्चबिशप फेलिक्स मच्याडो हेही वसईचेच. 2024 मध्ये ही धुरा बिशप थॉमस डिसोजा ह्यांच्याकडे आली. आश्रयदाते म्हणून गोन्सालो ह्यांची निवड झाली तेव्हा कोणाला आश्चर्य वाटले नाही.

आश्चर्य आणि खंत वाटली ती निराळ्या कारणाने. ऑक्टोबर 2008 मध्ये केरळच्या संत अल्फोन्सा ह्यांना संतपद मिळाले, तेव्हा त्यांचा उल्लेख पहिल्या भारतीय संत असा होऊ लागला. संत अल्फोन्सा ह्या पहिल्या भारतीय स्त्री संत, ह्यात वाद नाही, आणि त्यांच्या गौरवाचा आम्हांस मनःपूर्वक आनंदच आहे. पण गोन्सालो ह्यांना का वगळावे, असे विचारले की त्यांच्या वडिलांकडे बोट दाखविले जाते. सोळाव्या शतकात आई देशी म्हणून ते युरोपीय ठरले नाहीत. एकविसाव्या शतकात वडील पोर्तुगीज म्हणून ते भारतीय ठरत नाहीत. आईचे गाव कोणते, हे विचारण्याची तसदी दोन्ही वेळा कोणी घेतली नाही.

निशिझाका टेकडीवर 1962 पासून सव्वीस हुतात्म्यांचे स्मारक उभे आहे. शिल्पकार यासुताके फुनाकोशी ह्यांनी घडविलेल्या कांस्यमूर्ती तिथे एका ओळीत आहेत. पोप दुसरे जॉन पॉल 1981 मध्ये आणि पोप फ्रान्सिस नोव्हेंबर 2019 मध्ये तिथे येऊन गेले. जगभरच्या पंचांगात 6 फेब्रुवारीस पॉल मिकी आणि त्यांचे सोबती असा सण लागतो, आणि गोन्सालो त्या सोबत्यांत मोडतात. आपल्याकडे मात्र त्या सणाला त्यांचेच नाव पुढे असते.