डॉक्टर ओशॉनेसी यांची तार

आमचे घर लखनौच्या आलमबागेत आहे, कारण बाबा रेल्वेत आहेत. सुट्टीत गेलो की मी घरी मराठी बोलतो, बाहेर हिंदी. आलमबाग म्हटले की लोकांना मोठे बसस्थानक आणि मेट्रो आठवते. मूळची ही नवाब वाजिद अली शाह यांनी बांधलेली बाग. 1857 च्या युद्धात इंग्रजांनी तिचे ठाणे केले. त्यांचा सेनापती हॅवलॉक याची कबर अजून तिथे आहे. शेजारच्या मानकनगरात रेल्वेची आरडीएसओ ही संशोधन संस्था आहे. गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या ‘कवच’ यंत्रणेचे मानक तिथेच ठरले आणि यंत्रे भारतीय कंपन्यांनी बनवली. बाबा म्हणाले की कवचमध्ये इंजिन आणि स्टेशन रेडिओवरून बोलतात. मधेच कोणी खोटा संदेश घुसवू नये म्हणून त्यांना गुप्त किल्ल्या दिलेल्या असतात.

मला प्रश्न पडला की आलमबागेत अशी पहिली तार कधी आली असेल? उत्तर शोधता शोधता मी एका डॉक्टरपर्यंत पोहोचलो. पुस्तकांत त्यांचे नाव बहुधा एका ओळीत येते.

विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांचा जन्म 1809 मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. एडिंबरोला ते डॉक्टर झाले. त्यांना रुग्ण तपासण्यापेक्षा रसायनशास्त्राची ओढ अधिक होती. 1831 मध्ये इंग्लंडात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा त्यांचे वय बावीस होते. त्यांनी रुग्णांचे रक्त तपासले आणि दाखवून दिले की त्यातले पाणी आणि क्षार निघून गेलेले असतात. मग ते शिरेतून परत का देऊ नयेत? हा त्यांचा विचार दुसऱ्या डॉक्टरने, थॉमस लॅटा यांनी, 1832 मध्ये रुग्णांवर करून पाहिला. आपल्या शाळेच्या दवाखान्यात ताप चढल्यावर सलाइन लावलेल्या प्रत्येकाने हे नाव लक्षात ठेवायला हवे. असा शोध लावणारा माणूस तिथेच नामांकित डॉक्टर होऊन थांबला असता, पण ओशॉनेसी 1833 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीत सहायक सर्जन म्हणून दाखल झाले आणि बंगालमध्ये आले.

कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज 1835 मध्ये सुरू झाले आणि ते तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हा भारतात आजच्यासारखे विद्यापीठ नव्हते. कलकत्ता आणि मुंबई ही दोन्ही विद्यापीठे 1857 ची आहेत. मुंबईचे तर त्या वर्षीच्या जुलैत निघाले, म्हणजे लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडलेला असतानाच! म्हणून संशोधनासाठी जागा होती ती कॉलेजची प्रयोगशाळाच.

1839 मध्ये त्यांनी जे केले ते मला सगळ्यात आवडते. हुगळीकाठच्या वनस्पती उद्यानात त्यांनी सुमारे 21 मैल लांबीची तार ताणली. बाग 21 मैलांची नव्हती, म्हणून तार ओळीने पुढे-मागे फिरवली. संदेश घेण्यासाठी नीट यंत्रही नव्हते. टोकाशी बसलेल्या माणसाने बोटे तारेला लावायची, विजेचा झटका बसला की घड्याळ पाहायचे आणि त्यावरून अक्षर ओळखायचे. आपल्याकडे सिग्नलच्या तासाला मोर्स चुकले की सर रागावतात. तिथे संदेश कळायलाच झटका खावा लागत होता. पाण्याखालून तार नेण्यासाठी त्यांनी ती डांबर आणि वेताच्या कांबींत गुंडाळून पाहिली. मोर्स यांची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही प्रसिद्ध तार 1844 ची. म्हणजे आपल्या देशातला हा प्रयोग तिच्याआधी पाच वर्षे झाला होता.

निबंध छापून आला आणि पुढे काहीच झाले नाही. सरकारला तारेत रस नव्हता. ओशॉनेसी मधल्या काळात इंग्लंडला गेले, 1843 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, परत आले आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करू लागले. बारा वर्षे ती तार कागदावरच राहिली. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, जरी त्यात काही घडत नाही. प्राध्यापकाजवळ ज्ञान होते. पण शेकडो मैल खांब रोवायला लागणारा पैसा आणि हुकूम सरकारजवळ होता, आणि तार ओढणारे, लोखंड घडवणारे हात कारखान्यांत आणि गावांत होते. तिन्ही एकत्र येईपर्यंत तार म्हणजे बागेतला खेळच होता.

ते एकत्र आले लॉर्ड डलहौसी यांच्या काळात. 1851 मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी लाइन टाकायला परवानगी मिळाली. टांकसाळीत ओशॉनेसींच्या हाताखाली शिवचंद्र नंदी नावाचे एक बंगाली गृहस्थ होते. त्यांनी काम शिकून घेतले आणि पहिला संदेश डायमंड हार्बरच्या टोकावरून त्यांनीच पाठवला. पुढे त्यांनी स्वतः शेकडो मैल लाइन टाकली. खांबांचा खर्च वाचावा म्हणून ताडाची झाडे वापरली आणि पद्मा नदीतून तार नेताना कोळ्यांच्या होड्या घेतल्या. ओशॉनेसींना सर ही पदवी 1856 मध्ये मिळाली, नंदींना रायबहादूर व्हायला त्यानंतरही बरीच वर्षे लागली.

इंग्लंडची नाजूक यंत्रे इथल्या पावसात टिकत नसत, म्हणून ओशॉनेसींनी स्वतःचे साधे सुईचे यंत्र बनवले. बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळई वापरली, म्हणजे माकडे लोंबकळली तरी चालेल. 1852 मध्ये ब्रह्मदेशाच्या युद्धाची बातमी जहाज कलकत्त्याला लागण्याआधीच तारेने डलहौसींच्या हाती आली, आणि मग पैशाची अडचण राहिली नाही. नोव्हेंबर 1853 मध्ये कलकत्ता ते आग्रा काम सुरू झाले आणि मार्च 1854 मध्ये सुमारे 800 मैलांवर आग्र्याला संदेश पोहोचला. पुढे इंदूरमार्गे मुंबई, आणि मद्रासही जोडले गेले. 1855 च्या फेब्रुवारीत सामान्य लोकांनाही तार करता येऊ लागली. त्याआधी 1854 मध्येच कायदा करून सरकारने तारेचा हक्क स्वतःकडे ठेवला होता.

इथपर्यंत ही एका हुशार प्राध्यापकाची गोष्ट आहे. 1857 मध्ये ती आपली गोष्ट होते.

11 मे रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत आले. दिल्लीच्या तारघरातल्या दोन तरुण सिग्नलरनी पळण्यापूर्वी अंबाल्याला खबर दिली. ती पंजाबात गेली आणि दोन दिवसांत लाहोरला देशी पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली. त्या शिपायांना दिल्लीत काय झाले ते नीट कळण्याआधीच इंग्रज अधिकाऱ्यांना ते कळले होते. म्हणून आपल्या शिपायांनी ठिकठिकाणी तार तोडली, खांब उपटले. आमच्या वर्गात यावर वाद झाला. काही म्हणाले, एवढी चांगली वस्तू तोडायला नको होती. मी तोडणाऱ्यांच्या बाजूने बोललो. ज्या तारेच्या दोन्ही टोकांना शत्रू बसला आहे, ती सैनिक तोडणारच. आजही कुठल्याही सैन्याचा हाच पहिला विचार असतो.

तार तुटल्यावर काय होते ते आलमबागेत दिसते. सप्टेंबर 1857 मध्ये हॅवलॉक आणि आउट्रॅम यांनी आलमबाग घेतली, तिथे सामान आणि जखमी ठेवले आणि ते रेसिडेन्सीत घुसले. पण आतच अडकले. मध्ये काही मैलांचे अंतर, आणि ते सगळे आपल्या शिपायांच्या हातात. जगातली अवघड तार टाकणारे सरकार तेवढ्या अंतरात एक ओळ पाठवू शकत नव्हते. मग जुनेच उपाय आले. अंगद नावाचा पेन्शनर शिपाई पिसाच्या पोकळ नळीत चिठ्ठी लपवून नेत असे. मजकूर इंग्रजी, पण अक्षरे ग्रीक, म्हणजे चिठ्ठी पकडली तरी वाचता येऊ नये. नोव्हेंबरमध्ये कॅव्हना नावाचा कारकून हिंदुस्थानी वेश करून, कनौजीलाल या वाटाड्याबरोबर रात्री बाहेर पडला आणि आलमबागेपलीकडे कॅम्पबेलच्या छावणीत पोहोचला. रेसिडेन्सीच्या गच्चीवर हात हलवणारा सेमाफोर खांब उभारला, तसाच आलमबागेत, आणि त्याची सांकेतिक भाषा एका ज्ञानकोशातून घेतली. कोश कोणाच्या तरी कपाटात होता म्हणून बरे!

या सगळ्या काळात लाइनचे काम ओशॉनेसींऐवजी पॅट्रिक स्टुअर्ट हा तरुण इंजिनियर अधिकारी पाहत होता. 1858 च्या सुरुवातीला लखनौवर शेवटचा हल्ला व्हायचा होता, तेव्हा त्याने कानपूरहून सैन्याच्या मागोमाग तार आणली. अशा रीतीने तार आलमबागेत आली, ती आपल्या लोकांविरुद्ध. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण ते तसेच आहे.

ओशॉनेसींच्या रचनेत मला एक उणीव दिसते. त्या वेळी कलकत्त्याचा संदेश सरळ मुंबईला जात नसे. मधल्या तारघरांत तो माणूस उतरवून घेई आणि पुढे पुन्हा पाठवी. म्हणजे प्रत्येक ठिकाणी कोणीतरी तो वाचत असे. माकड, वादळ, नदी, पाऊस या सगळ्यांपासून त्यांनी तार राखली. माणसापासून राखण्यासाठी शेवटी ग्रीक अक्षरेच कामी आली. कवचच्या किल्ल्या ठरवणाऱ्यांना हा विचार आधीच करावा लागतो. आणि बाबा सांगतात की आजही त्या कामात संस्था, कॉलेजे आणि कंपन्या एका टेबलाशी बसल्या तरी भांडण बहुतेक वेळा खर्च कोणाचा यावरच होते.

ओशॉनेसी 1860 मध्ये कायमचे भारत सोडून गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी आडनाव बदलून ब्रुक असे घेतले. त्यामुळे कॉलऱ्याच्या पुस्तकात एक नाव आणि नंतरच्या कागदांत दुसरे नाव सापडते, आणि शोधणारा गोंधळतो. त्यानंतर तारेचे किंवा औषधाचे मोठे काम त्यांच्या हातून झाले नाही. जानेवारी 1889 मध्ये इंग्लंडमधील साउथसी येथे त्यांचे निधन झाले. शिवचंद्र नंदी 1903 पर्यंत जगले. त्या दोघांनी सुरू केलेली तारसेवा भारतात जुलै 2013 मध्ये बंद झाली. तेव्हा मी बालवाडीतही नव्हतो. आजी मात्र अजून सांगते की दाराशी तारवाला दिसला की तार उघडण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची.