मालक आजारी, दुकान चालू : स्टीव्ह जॉब्स आणि ॲपलची आठ वर्षं

आपल्याकडे खडेबाजारातल्या एखाद्या पेढीचे म्हातारे मालक अंथरुणाला खिळले, की उधारीवर माल देणारे व्यापारी आधी एकच चौकशी करतात : आता गल्ल्यावर कोण बसणार? अमेरिकेतल्या ॲपल कंपनीबाबत हाच प्रश्न सगळं जग आठ वर्षं विचारत होतं.

स्टीव्ह जॉब्स यांचा जन्म १९५५ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. पॉल आणि क्लारा जॉब्स या दांपत्याने त्यांना दत्तक घेतलं. कॉलेज अर्धवट सोडलं, १९७४ मध्ये भारतात येऊन भटकंती केली आणि १९७६ मध्ये स्टीव्ह वॉझ्नियाक यांच्याबरोबर ॲपल काढली. १९८५ मध्ये स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं. ते परत आले, तेव्हा म्हणजे १९९७ मध्ये, कंपनीचा वर्षाचा तोटा १०० कोटी डॉलरच्या वर होता. पुढे आयमॅक, आयपॉड आले आणि ॲपल म्हणजे जॉब्स हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

ऑक्टोबर २००३ मध्ये त्यांच्या स्वादुपिंडात गाठ सापडली. प्रकार दुर्मिळ, पण शस्त्रक्रियेने बरा होण्याजोगा. जॉब्सनी मात्र नऊ महिने पथ्यपाणी आणि इतर उपाय करून बघितले. शस्त्रक्रिया झाली ३१ जुलै २००४ ला आणि भागधारकांना कळलं त्यानंतर. संचालकांपैकी काहींना आधीपासून माहीत होतं. आजार हा माणसाचा खासगी मामला, हे मान्य. पण ज्या माणसाकडे बघून लोकांनी शेअर घेतले, त्याचीच प्रकृती नऊ महिने झाकून ठेवणं मला तरी पटत नाही. ताळेबंदात इमारत दिसते, यंत्रं दिसतात. माणसासाठी रकाना नाही.

२००८ मध्ये ते फारच वाळलेले दिसू लागले. त्यांना हृदयविकाराचा झटका आल्याची खोटी बातमी ऑक्टोबरात पसरली आणि काही मिनिटांत शेअर आपटला. ५ जानेवारी २००९ ला त्यांनी पत्र काढलं की वजन घटण्याचं कारण हार्मोनचा असमतोल आहे आणि इलाज साधा आहे. नऊ दिवसांनी दुसरं पत्र आलं : प्रकरण वाटलं त्याहून गुंतागुंतीचं, जूनअखेरपर्यंत रजा. बाजार चिडला तर नवल काय?

त्या रजेत मेम्फिसच्या इस्पितळात त्यांच्यावर यकृताचं प्रत्यारोपण झालं. इकडे कंपनी टिम कुक सांभाळत होते. हा गृहस्थ १९९८ मध्ये आलेला. गोदामात महिनाभर पडून राहणारा माल त्याने काही दिवसांवर आणला होता. कॉमर्स शिकलेल्याला याचं मोल लगेच कळेल. भाषणबाजी कमी, हिशोब चोख. २००४ मध्येही महिनाभर कारभार त्यांच्याच हातात होता. आता जॉब्स नसताना नवा आयफोन बाजारात आला आणि रजेच्या काळात शेअर पडायच्या ऐवजी चांगलाच वर चढला.

जॉब्स स्वतःही गाफील नव्हते. २००८ मध्येच त्यांनी येल विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाळेचे प्रमुख जोएल पोडोल्नी यांना आणलं. कंपनीचे मोठे निर्णय कसे घेतले गेले, हे अधिकाऱ्यांना शिकवायचं, हे त्यांचं काम.

तिसरी रजा १७ जानेवारी २०११ ला जाहीर झाली. त्या दिवशी सुट्टीमुळे अमेरिकेतला शेअर बाजार बंद. दुसऱ्याच दिवशी तिमाही निकाल आले : नफा ६०० कोटी डॉलर, तोवरचा विक्रम. घबराट पसरायला फारशी जागाच राहिली नाही. हा योगायोग होता असं ज्याला वाटतं, त्याने वाटून घ्यावं.

२४ ऑगस्टला जॉब्सनी पद सोडलं आणि कुक रीतसर प्रमुख झाले. ज्या शेअरला एका अफवेने गडगडवलं होतं, तो दुसऱ्या दिवशी एक टक्कासुद्धा घसरला नाही. तीन रजांमध्ये बाजाराने दुकान चालताना बघितलं होतं.

४ ऑक्टोबरला कुक यांच्या कार्यक्रमात नवा आयफोन ४एस दाखवला गेला. ५ ऑक्टोबर २०११ ला पालो अल्टोतल्या घरी जॉब्स गेले, वय ५६. फोन ठरल्याप्रमाणे १४ तारखेला दुकानांत आला.