लाकडांच्या नोंदी आणि जसवंतसिंग खालरा

जसवंतसिंग खालरा यांचा जन्म १९५२ चा. अमृतसरच्या एका बँकेचे संचालक. हिशेब वाचणारा माणूस. आणि हिशेबानेच त्यांनी पोलिसी राज्याला घाम फोडला.

तो काळ पंजाबात टाडाचा होता. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा नाही, हे इंग्रजांनीही १८७२ च्या कायद्यात मान्य केले होते. टाडाच्या कलम १५ ने पोलीस अधीक्षकापुढचा कबुलीजबाब ग्राह्य ठरवला! उचललेला तरुण असा कबुलीजबाब देऊन न्यायालयात येई, नाही तर येतच नसे. न आलेले कुठे गेले? खालरांनी स्मशानांची दप्तरे चाळली. बेवारस प्रेतांसाठी घेतलेल्या लाकडांच्या नोंदी तिथे होत्या. मारणाऱ्यांनी खर्चाचा हिशेब मात्र चोख ठेवला होता.

१९९५ मध्ये ते उच्च न्यायालयात गेले. याचिका फेटाळली गेली. दाद मागण्याचा त्यांना अधिकारच नाही म्हणे. ज्याचे प्रेत जाळले त्याच्या घरच्यांना ते कळलेलेच नाही, मग दाद मागणार कोण? आम्ही वकिली करतो, पण हे कोडे आम्हाला सुटलेले नाही.

६ सप्टेंबर १९९५ रोजी खालरांनाच घरासमोरून उचलले. पत्नी परमजीत कौर सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सीबीआयने अमृतसर जिल्ह्यातल्या तीन स्मशानांत २,०९७ बेकायदा दहने मोजली. २००५ मध्ये सहा पोलीस दोषी ठरले, पाच जणांची जन्मठेप २०११ मध्ये कायम झाली. खालरांचे प्रेत घरच्यांना मिळालेच नाही.