अनोळखी कार्डाला ओळख देणारा माणूस

सर्व्हरमध्ये नवं नेटवर्क कार्ड बसवलं, केबल जोडली, लाइटही लुकलुकतोय. पण सिस्टिमच्या लेखी असं कार्डच नाही! अशा वेळी सगळं पुसून सिस्टिम पुन्हा टाकायचा मोह होतो. युनिक्स घराण्यात मात्र सहसा त्याची गरज पडत नाही. कमी असतो तो एक छोटा प्रोग्रॅम, ड्रायव्हर. असं का, हे कळायला डेनिस रिची यांची गोष्ट माहीत हवी. हो, सी भाषेच्या त्या प्रसिद्ध पुस्तकाच्या कव्हरवरचे रिची!

रिचींचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिलचा. वडील बेल लॅब्जमध्ये शास्त्रज्ञ. डेनिस हार्वर्डला फिजिक्स शिकले, मग अप्लाइड मॅथ्सकडे वळले. पीएचडीचा प्रबंध लिहून झाला, पण पदवी अधिकृतपणे कधी मिळालीच नाही. १९६७ मध्ये तेही बेल लॅब्जमध्ये दाखल झाले.

तिथे मल्टिक्स या अवाढव्य सिस्टिमवर काम चालू होतं. १९६९ मध्ये बेल लॅब्जने त्यातून अंग काढून घेतलं. त्याच वर्षी केन थॉम्पसन यांनी फारशा वापरात नसलेल्या पीडीपी-७ मशीनवर स्वतःची छोटी सिस्टिम उभी केली. रिची सोबतीला होतेच. हेच युनिक्स. अडचण एकच, ते असेंब्लीत होतं. म्हणजे मशीन बदललं की पुन्हा श्रीगणेशा! मग रिचींनी थॉम्पसन यांच्या बी भाषेतून सी घडवली आणि १९७३ मध्ये कर्नल सीमध्ये लिहिला गेला. पुढे स्टीव्ह जॉन्सन यांच्यासोबत त्यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या मशीनवर चालवून दाखवलं.

युनिक्सची दुसरी कमाल म्हणजे डिव्हाइसची व्यवस्था. टर्मिनल असो की डिस्क, प्रोग्रॅमला ती फाइलसारखीच दिसते. आत कर्नलकडे एक तक्ता असतो. कुठल्या नंबरला कुठला ड्रायव्हर, हे त्यात लिहिलेलं. नवं यंत्र आलं की नवा ड्रायव्हर लिहायचा, तक्त्यात नोंद करायची. बाकीच्या सिस्टिमला धक्का नाही. नेटवर्क कार्डांची वाट थोडी वेगळी निघाली. ती फाइल म्हणून दिसत नाहीत, कारण १९८३ मध्ये बर्कलीच्या युनिक्सने आणलेली सॉकेट पद्धत रूढ झाली. रिचींनी १९८४ मध्ये स्ट्रीम्स ही आपली रचना मांडली. त्यात टर्मिनल आणि नेटवर्कचे टप्पे ठोकळ्यांसारखे एकमेकांवर रचता येत. ड्रायव्हर वेगळा ठेवायचा, हे तत्त्व मात्र दोन्हीकडे टिकलं.

म्हणूनच आज लिनक्सवर कार्ड ओळखलं गेलं नाही, तर शोध सोपा आहे. प्रत्येक कार्डात कंपनीचा आणि मॉडेलचा नंबर असतो. कर्नल तो ड्रायव्हरांच्या याद्यांशी जुळवतो. एलएसपीसीआय कमांडमध्ये कार्ड दिसलंच नाही, तर स्लॉट किंवा बायोस तपासा. तिथे दिसतं पण इंटरफेसच्या यादीत नाही? मग डीमेसेज वाचा. कधी फर्मवेअरची फाइल नसते, कधी मोडप्रोबने ड्रायव्हर लोड करावा लागतो. कर्नलच कार्डापेक्षा जुना असेल, तर नवा कर्नल घ्या किंवा ड्रायव्हरचा सोर्स कंपाइल करा. तो सोर्स बहुतेक वेळा सीमध्येच असतो!

१९८३ मध्ये रिची आणि थॉम्पसन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००७ मध्ये रिची निवृत्त झाले. न्यू जर्सीतल्या बर्कली हाइट्समध्ये ते एकटेच राहत. १२ ऑक्टोबर २०११ रोजी ते घरात मृतावस्थेत आढळले. आठवडाभर आधीच स्टीव्ह जॉब्ज गेले होते आणि जग त्या बातमीत बुडालेलं होतं. जॉब्ज यांच्या मॅकच्या आणि आयफोनच्या सिस्टिमचं मूळही युनिक्समध्येच आहे, पण रिचींच्या जाण्याची दखल फार थोड्यांनी घेतली.