हिशेबाचा साहेब आणि श्वास : सयाजी ऊ बा खिन

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबाबद्दल काहीतरी लिहावं. सहा वर्षं खजिनदार होतो, तेव्हा अपेक्षा रास्तच आहे. पण ते सगळे आकडे वार्षिक अहवालांत छापलेले आहेत, आणि ते तेव्हाही कोणी वाचले नाहीत! म्हणून मी दुसऱ्याच एका हिशेबवाल्या माणसाबद्दल लिहितो. आपल्यापैकी बरेच जण इगतपुरीला दहा दिवस राहून आलेले आहेत. तिथे जे शिकवतात ते आपल्याकडे परत आलं ते या माणसामुळे.

ऊ बा खिन यांचा जन्म ६ मार्च १८९९ रोजी रंगूनमध्ये, कामगार वस्तीतल्या बेताच्या परिस्थितीच्या घरात झाला. जवळच्या कारखान्यातल्या एका वयस्क माणसाने खटपट केली म्हणून आठव्या वर्षी ते शाळेत गेले. पाठांतर एवढं दांडगं की इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोंडपाठ. १९१७ साली शेवटच्या परीक्षेत सुवर्णपदक मिळालं, कॉलेजची शिष्यवृत्तीही मिळाली. पण घरी पैशांची गरज होती, त्यामुळे कॉलेज राहिलं. आधी एका बर्मी वर्तमानपत्रात नोकरी, मग अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात कारकुनी. १९२६ मध्ये खात्याची परीक्षा पास होऊन ते वर चढू लागले. माझ्या पिढीतल्या बँकवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. आमच्यातले किती तरी जण असेच कारकून म्हणून चिकटले आणि परीक्षा देत देत ऑफिसर झाले.

१९३७ च्या १ जानेवारीला एका परिचिताने त्यांना श्वासाकडे लक्ष ठेवण्याची पद्धत सांगितली. श्वास मुद्दाम दीर्घ करायचा नाही, रोखायचा नाही. आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच नाकपुडीपाशी जाणत राहायचं. मन भरकटलं की कुरकुर न करता परत आणायचं. करून पाहिलं तर मन चटकन स्थिरावलं. आठवड्याभरात हा सरकारी माणूस सगळं बाजूला ठेवून सया थेटजी या गृहस्थ गुरूंकडे निघाला. गाव रंगून नदीपलीकडे, फक्त आठ मैलांवर. पण ओहोटीमुळे होडी अर्ध्या वाटेतच थांबली. उरलेली वाट त्यांनी गुडघाभर चिखलातून, भातखाचरं तुडवत पार केली आणि चिखलाने माखलेल्या पायांनी गुरूंच्या दारात उभे राहिले.

सया थेटजी स्वतः शेतकरी होते, भिक्षू नव्हते. मला हे महत्त्वाचं वाटतं. संसार सोडून गेलेल्या माणसाने शांत राहायला सांगितलं की आपण मान डोलावतो आणि घरी येऊन पाणी गेल्याबद्दल सेक्रेटरीला फोनवर झापतो.

१९४१ मध्ये ऊ बा खिन बर्मा रेल्वेचे अकाउंट्स ऑफिसर होते. रंगून-मंडाले मार्गावरच्या स्टेशनांचे हिशेब तपासत फिरायचं, त्यासाठी त्यांना स्वतंत्र डबा दिलेला होता. (मंडाले म्हटलं की आपल्याला लोकमान्यांचा तुरुंगच आठवतो.) एकदा चुकून तो डबा क्याउक्से स्टेशनावर सोडला गेला. तपासणी तिथली नव्हती, पण आलोच आहोत तर दप्तर बघू म्हणून त्यांनी ते बघितलं. मग जवळच्या टेकडीवर वेबू सयाडो या भिक्षूंच्या दर्शनाला गेले. भिक्षूंनी त्यांची साधना पारखली आणि आता इतरांना शिकवायला लागा, असं सांगितलं. पहिला विद्यार्थी त्याच स्टेशनचा मास्तर! रेल्वेच्या डब्यात जेवणाच्या दोन टेबलांवर बसून हा पहिला वर्ग झाला.

४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ते देशाचे पहिले अकाउंटंट जनरल झाले. १९५० मध्ये त्यांनी ऑफिसातल्याच लोकांसाठी विपश्यना मंडळ काढलं, १९५२ मध्ये रंगूनमध्ये ध्यानकेंद्र सुरू केलं. पुढे तीन-तीन खात्यांचा कारभार एकाच वेळी सांभाळला, काही काळ तर चार. सकाळ-संध्याकाळ केंद्र, मधला दिवस फायलींचा. यांना वेळ कसा पुरत असेल? जे समोर आहे तेवढंच हातात घ्यायचं, मागचं-पुढचं डोक्यात घोळवायचं नाही, ही सवय साधनेतूनच आली असावी असं मला वाटतं.

१९५६ चा प्रसंग मला सगळ्यांत जवळचा आहे. शेतमाल खरेदी-विक्रीचं सरकारी मंडळ भ्रष्टाचाराने पोखरलेलं होतं. ऊ बा खिन अध्यक्ष म्हणून येणार हे कळताच अधिकाऱ्यांनी संप केला. ते नमले नाहीत, उरलेल्या कारकुनांना घेऊन काम चालू ठेवलं. अखेर संपवाले बिनशर्त परतले. खरी गोष्ट इथून पुढे आहे. त्यांनी कोणावर सूड उगवला नाही. परत आलेल्यांना मोठ्या मनाने वागवलं, कामाला लावलं, आणि त्यांतले बरेच जण पुढे त्यांच्याच शिबिरांत जाऊन बसले.

हे मी वाचलं तेव्हा मला आमचा जुना वॉचमन आठवला. मी खजिनदार असताना कपाटातल्या रोख रकमेत २४०० रुपये कमी आले. ऑफिसची एक किल्ली त्याच्याकडे असायची. मी चारचौघांत त्याला नको ते बोललो. तो आठ दिवसांत सामान उचलून गेला. महिन्याने वह्या तपासताना प्लंबरचं २४०० चं व्हाउचर सापडलं, ते मीच नोंदवायचं विसरलो होतो. कमिटीला सांगितलं, इतिवृत्तात लिहिलं. पण त्याचा गावचा पत्ता आमच्याकडे नव्हता. बँकेत इतकी वर्षं इन्स्पेक्शन केलेल्या माणसाने आधी व्हाउचर बघायचं की माणसावर ओरडायचं?

ऊ बा खिनही काही मवाळ नव्हते. दरारा होता, आवाज चढवत. पण रागाच्या आत मैत्री असायची, असं त्यांचे शिष्य सांगत. त्यांच्या लेखनात अणुशक्तीचे दाखले येतात, ते मात्र मला फारसे पटत नाहीत. साधना संपताना सर्वांसाठी मंगल चिंतण्याची, म्हणजे मैत्रीची, पद्धत पटते. ती करताना वॉचमनचं नाव मी पहिलं घेतो.

रंगूनचे व्यापारी सत्यनारायण गोएंका १९५५ मध्ये त्यांच्याकडे आले ते अर्धशिशीला कंटाळून. फक्त डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, म्हणून आधी परत पाठवलं. मग चौदा वर्षं शिकवलं. ही विद्या भारताकडून मिळाली, ती भारताला परत द्यायची, अशी ऊ बा खिन यांची जुनी इच्छा होती. त्यांना स्वतःला येता आलं नाही. १९६९ च्या जुलैत गोएंकांनी मुंबईत एका धर्मशाळेत मोजक्या लोकांचं पहिलं शिबिर घेतलं, त्यात त्यांचे आईवडीलही होते. रंगूनला ही बातमी पोहोचली. १९ जानेवारी १९७१ ला ऊ बा खिन गेले. इगतपुरीचं केंद्र त्यानंतर उभं राहिलं.

गच्चीवरच्या खोलीत मी रोज पहाटे पाच ते सहा बसतो. दोन जादा सतरंज्या ठेवल्या आहेत. सहाला पाण्याचा पंप सुरू होतो, त्याआधी यावं.