एकट्या बाईचे तिकीट

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या म्हणून सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कुणी संत स्त्री किंवा समाजसेविका असावी. मी निवडल्या त्या खुनाच्या गोष्टी लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्ती. भगिनींनी नाक मुरडू नये. आपल्या ग्रंथालयातल्या त्यांच्या पुस्तकांची पाने कुणाच्या हळदीच्या बोटांनी पिवळी झाली आहेत, हे मला ठाऊक आहे!

यजमान गेल्यावर मी दोन वर्षे कुठे एकटी गेले नव्हते. इंदूरला लेकीकडे जायचे तरी सोबत कोण, हाच प्रश्न. त्या दिवसांत अगाथाबाईंचे आत्मचरित्र हाती आले. रहस्याच्या ओढीने उघडले आणि भलतेच काही सापडले.

त्यांचा जन्म 15 सप्टेंबर 1890 चा, इंग्लंडच्या दक्षिणेस समुद्रकाठी टॉर्की गावी. अकराव्या वर्षी वडील वारले आणि सुखवस्तू घराला ओढ लागली. मुलगी उपवर झाली, तेव्हा लंडनमधल्या मेजवान्यांचा खर्च झेपेना म्हणून आई तिला हिवाळ्यात कैरोला घेऊन गेली. तिथे ते स्वस्तात होई. पिरॅमिडांपेक्षा नाचाचे कार्यक्रम त्यांना अधिक आवडले, असे त्या स्वतःच प्रांजळपणे सांगतात. पण पहिली कादंबरी लिहिली ती कैरोवरच. ती कुणी छापली नाही.

1914 च्या नाताळच्या आदल्या दिवशी आर्ची ख्रिस्ती या वैमानिकाशी लग्न झाले. (याचा जन्म आपल्या तेव्हाच्या हिंदुस्थानात, पेशावरचा.) महायुद्धात त्या टॉर्कीच्या इस्पितळात परिचारिका होत्या, मग औषधे तयार करण्याच्या खोलीत काम मिळाले. विषांची ओळख तिथली. त्या ज्ञानावर पहिली रहस्यकथा उभी राहिली आणि अनेक प्रकाशकांकडून परत येत येत 1920 साली प्रसिद्ध झाली. 1922 साली पतीबरोबर दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हवाई बेटे, कॅनडा असा जगाचा फेरा केला. हवाईच्या समुद्रात फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होण्यास शिकल्या. एका मुलीची आई होती बरे ही बाई!

आता 1926 साल. एप्रिलमध्ये आई गेली. माहेरच्या रिकाम्या घरातल्या ट्रंका एकटीने आवरीत असताना खाणेपिणे, झोप सारे बिघडले. आणि त्यातच पतीने सांगितले की आपले मन दुसरीकडे गुंतले आहे. डिसेंबरात त्या घरातून निघून गेल्या. मोटार वाटेत सोडलेली सापडली. शेकडो माणसे शोधाला लागली, वर्तमानपत्रांनी तर ऊत आणला. अकरा दिवसांनी त्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात दुसऱ्याच नावाने राहिलेल्या आढळल्या. आत्मचरित्रात त्यांनी या अकरा दिवसांवर एक अक्षर लिहिलेले नाही. पुष्कळांना तो लपवाछपवीचा प्रकार वाटतो. मला वाटत नाही. सगळ्या जगापुढे आपली जखम उघडून दाखवायलाच हवी, असे थोडेच आहे?

1928 साली घटस्फोट झाला. हवापालट म्हणून त्यांनी वेस्ट इंडीजचे तिकीट काढले होते. निघण्यास दोन दिवस उरले असता एके ठिकाणी जेवायला गेल्या, तिथे एक नौदलातला अधिकारी व त्याची पत्नी बगदादचे वर्णन करू लागली. बगदादला बोटीनेच जावे लागते ना, असे बाईंनी विचारले. नाही, ओरिएंट एक्स्प्रेसने जाता येते, असे उत्तर आले. दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन त्यांनी तिकीट बदलून आणले. वय अडतीस, बरोबर कुणी नाही. गाडीत एक मायदेशची बाई भेटली व त्यांच्या प्रवासाची सगळी व्यवस्था आपल्या अंगावर घेऊ लागली. अशी एक बाई प्रत्येक डब्यात असतेच. दमास्कसहून वाळवंटातून मोटारबसने बगदाद आणि तिथून उर या प्राचीन नगरीचे उत्खनन, इथवर त्या पोहोचल्या.

1930 साली पुन्हा उरला गेल्या असता मॅक्स मॅलोवन या तरुण संशोधकावर त्यांना आसपासची स्थळे दाखवण्याचे काम आले. वाटेत मोटार वाळूत रुतली. अगाथाबाई त्रागा न करता मोटारीच्या सावलीत आडव्या झाल्या व झोपी गेल्या. ही बायको म्हणून उत्तम, असे त्याने तिथेच ठरवले म्हणतात. तो त्यांच्याहून सुमारे चौदा वर्षांनी लहान. बहिणीने कळवळून विरोध केला, लेकीने मात्र संमती दिली. 11 सप्टेंबर 1930 रोजी एडिंबरोत लग्न झाले.

पुढे वर्षानुवर्षे त्या पतीबरोबर इराक व सीरियाच्या उत्खननांवर राहिल्या. छायाचित्रे काढली, आणि निमरुदला सापडलेल्या हस्तिदंती वस्तू आपल्या तोंडाला लावायच्या क्रीमने स्वच्छ केल्या. लिहिणे चालूच होते. 1931 साली परतताना पुराने रूळ वाहून गेले व गाडी अडकली. 1934 च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'मध्ये त्याचे बर्फ झाले. 1937 ची नाईलवरची कादंबरी पुढे त्यांनीच रंगभूमीवर आणली. 1954 साली लंडनला त्यांची तीन नाटके एकाच वेळी चालू होती. त्यांपैकी 25 नोव्हेंबर 1952 रोजी लंडनमध्ये सुरू झालेले 'माऊसट्रॅप' 2020 च्या मार्चमध्ये साथीमुळे बंद पडेपर्यंत अखंड चालले, आणि 2021 च्या मेमध्ये पुन्हा सुरू झाले. त्याचे हक्क त्यांनी नातवाला वाढदिवसाची भेट म्हणून देऊन टाकले होते. आजीने नातवाला काय द्यावे, याचा हा एक नमुना!

12 जानेवारी 1976 रोजी त्या निवर्तल्या. 1978 साली मॅक्सही गेले.

इंदूरला मी गेल्या मार्चमध्ये जाऊन आले, एकटी, रात्रीच्या गाडीने. बरोबर ओरिएंट एक्स्प्रेसची आपल्या ग्रंथालयातली प्रत घेतली होती. परत आल्यावर ती एका भगिनीने दोन दिवसांसाठी म्हणून मागून नेली. ज्यांच्याकडे ती असेल त्यांनी कपाटात आणून ठेवावी; शेवटचे पान निसटले आहे, ते माझ्यापाशी आहे.